आधी एक पावसाळा काढा : शहापूर-मुरबाडकडची जुनी घरं आणि त्यांची दुरुस्ती

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

जुन्या घरात राहायला जाणं आणि ते हळूहळू नीट करत नेणं, असा आजचा विषय आहे. तो मी शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांपुरताच ठेवतो. पुण्याच्या वाड्याला लागू पडणारं सगळंच मुरबाडच्या घराला लागू पडत नाही, आणि तळकोकणातल्या जांभ्याच्या घराचे सल्ले इकडे आणले की पैसे वाया जातात.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची गोष्ट थोड्याफार फरकाने एकच असणार. आजोबांनी किंवा पणजोबांनी बांधलेलं घर. पुढची पिढी कल्याणला, डोंबिवलीला, ठाण्याला गेली. घरात म्हातारी माणसं राहिली, मग तीही गेली किंवा शहरात आली, आणि घराला कुलूप लागलं. आता कुणी निवृत्त झालंय, कुणाला शनिवार-रविवार जायचंय, कुणाची आई म्हणते मला माझ्या घरी ने. मग भावाभावांत चर्चा सुरू होते : पाडून स्लॅबचं बांधायचं, की आहे ते ठेवायचं? ठेवायचं ठरलं तर पुढचा प्रश्न, सुरुवात कुठून करायची?

माझं उत्तर लोकांना आवडत नाही. पहिल्या वर्षी जितकं कमी करता येईल तितकं करा, आणि एक अख्खा पावसाळा त्या घरात काढा. जून ते सप्टेंबर रोज राहणं जमणार नसेल, तर निदान आषाढातले आठ-दहा दिवस सलग राहा. घर दिवाळीनंतर बघायला गेलात तर ते तुम्हाला काही सांगत नाही. तेव्हा सगळं कोरडं, छान, सोनेरी ऊन पडलेलं. फोटोही तेव्हाच काढले जातात.

असं का, हे कळायला आधी घर कसं उभं आहे ते बघू.

या भागातलं जुनं घर म्हणजे साधारणपणे दगडी जोतं, त्यावर तळखडे, तळखड्यांवर सागाचे किंवा ऐनाचे खांब, खांबांवर तुळया, आणि वर आढं, वासे, रिपा, कौलं. पुढे ओटी, बाजूने पडवी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी. वर माळा, भाताच्या कणग्या ठेवायला. बऱ्याच घरांत गोठा त्याच छपराखाली. भिंती मातीच्या, कच्च्या विटांच्या, कुठे भाजलेल्या विटांच्या. शेतकऱ्यांच्या घरांना कारवीचे कुड, दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपलेले. बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांच्या घरांना जास्त लाकूड, कोरीव चौकटी, चुन्याचा गिलावा.

छपरावर आधी असायची ती नळीची कौलं, गावच्या कुंभाराची. मंगलोरी कौलं नंतरची. बाझल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. त्याच सुमारास आपल्याकडे रेल्वे घाटाकडे सरकत होती. १८५५ मध्ये वासिंद, १८६० मध्ये आसनगाव, १८६१ मध्ये कसारा. शहापूर तालुक्याच्या अंगावरूनच गाडी गेली. मुरबाडला रेल्वे नाही, पण कल्याणहून माळशेजकडे जाणारा रस्ता आहे, आणि त्याच्याही आधीपासून वैशाखऱ्यावरून नाणेघाटात चढणारी जुनी वाट. माल येण्याजाण्याचा हा मुलूख आहे. त्यामुळे एकाच घराच्या मागच्या पाख्यावर नळीची कौलं आणि पुढच्या पाख्यावर मंगलोरी, असंही दिसतं. पैसा आला तेव्हा दर्शनी बाजू आधी बदलली, माणसाचा स्वभावच तो.

यातली मुख्य गोष्ट ही, की या घराचा भार बहुतेक ठिकाणी खांबांवर आहे. भिंत असते ती आडोसा म्हणून. छप्पर मोठं, उतरतं, भिंतीच्या बरंच बाहेर आलेलं. म्हणजे सगळी रचना एका कामासाठी आहे : पाणी अंगावरून लांब फेकायचं, आणि जे थोडं आत येईल ते वाळू द्यायचं. इकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही जवळजवळ चार महिन्यांत. मातीचं घर या पावसात शंभर वर्षं उभं राहतं, ते छत्री मोठी आणि पाय उंचावर असल्यामुळे. घराला जे काही होतं ते छत्रीला भोक पडल्यावर किंवा पाय ओले झाल्यावर होतं. बाकीचं सगळं पुढचं.

म्हणून पावसाळा. एक वही घ्या, घराचा साधा नकाशा काढा आणि पाऊस पडत असताना फिरा. कुठे गळतंय, ते थेंब आहेत की धार, हे लिहा. वळचणीच्या पागोळ्या कुठे पडतात? त्या पडलेलं पाणी घरापासून लांब जातं की जोत्याकडे परत येतं? झड कोणत्या भिंतीवर येते? बहुधा पश्चिमेच्या, म्हणूनच पूर्वी त्या बाजूच्या पडवीला पावसाळ्यापुरत्या तट्ट्या बांधायचे, आता निळं प्लास्टिक बांधतात. भिंत खालून किती उंचीपर्यंत ओली होते, तिथे पेन्सिलने रेघ मारा आणि तारीख टाका. तड असेल तर तिच्या दोन्ही टोकांना खूण करा, तारीख टाका. पुढच्या मे महिन्यात परत बघा. दर पावसाळ्यात थोडी मिटणारी आणि उन्हाळ्यात उघडणारी तड बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. खूण ओलांडून पुढे गेली असेल, तर जमीन खचतेय किंवा खांब बसतोय. ही माहिती कोणताही कंत्राटदार जानेवारीत येऊन देऊ शकत नाही.

आता पायाकडे वळतो, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिथे होतं.

जुन्या घराचं जोतं मूळचं दोन-तीन फूट उंच असतं. मग गावात रस्ता झाला. आधी मुरूम, मग डांबर, मग काँक्रीट. दर वेळी जुना न खोदता त्याच्यावरच नवा. तीस-चाळीस वर्षांत रस्ता जोत्याच्या बरोबरीला आला, कुठे वर गेला. ओटीच्या तीन पायऱ्या होत्या, त्यातली एक उरली. आता रस्त्याचं पाणी घराकडे येतं, आणि घरातली माणसं म्हणतात की भिंतीला ओल येते, काहीतरी वॉटरप्रूफिंग करायला हवं. भिंतीला काही करू नका. घराच्या चारही बाजूंनी चर काढा, उतार घरापासून बाहेरच्या दिशेने द्या, मागच्या अंगणात साठलेली माती उचलून जोत्याचा दगड पुन्हा उघडा करा. फावडं, घमेलं आणि दोन माणसांचे काही दिवस, एवढंच काम. अनेक घरांत नुसतं एवढं केल्यावर पुढच्या वर्षी ओलीची रेघ खाली उतरते. ओटीपुढे रस्ताच वर आला असेल, तर मात्र झाकलेली गटार आणि पाण्याला दुसरी वाट, यासाठी ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत जावं लागेल. अर्ज लेखी द्या.

छप्पर. इथे थोडा हिशेब करू. मंगलोरी कौल एक, साधारण अडीच ते तीन किलोचं. शंभर चौरस फुटाला एकशे चाळीस ते दीडशे कौलं लागतात, म्हणजे चारशे किलोच्या आसपास वजन. त्याच शंभर चौरस फुटावर पाच इंची स्लॅब टाकली तर तिचं वजन अडीच ते तीन टन होतं. सहा-सातपट. मातीच्या भिंतीवर, जुन्या खांबांवर हे वजन टाकण्याचा विचारही करू नये. 'अर्ध्या घरावर स्लॅब टाकू, बाकीचं तसंच ठेवू' असं म्हणणारे भेटतात. स्लॅब हवी असेल तर तिला स्वतःचा पाया, स्वतःचे कॉलम, आणि जुन्या भिंतीपासून अंतर. तिला जुन्या घराच्या खांद्यावर बसवायचं नाही.

दुसरा सोपा वाटणारा मार्ग पत्र्याचा. पत्रा हलका, लवकर होतो, माकडं फोडत नाहीत. हे सगळं खरं आहे, आणि ज्याला दरवर्षी शाकारणी करायला माणूस मिळत नाही त्याला मी नावं ठेवणार नाही. पण मुरबाडचा एप्रिल-मे तुम्हाला माहीत आहे, पारा चाळिशी ओलांडतो. कौलाच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, पत्र्याखाली ती कोंडते. पावसात शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही, ते वेगळं. पत्रा घालायचाच असेल तर माळ्याची फळी काढू नका, ती उष्णता अडवते. आढ्याजवळ हवा जायला वाट ठेवा. आणि जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो. ते करवतीने कापायचे नाहीत, आपटून फोडायचे नाहीत. ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते. ओले करून, अख्खेच्या अख्खे उतरवायचे.

कौलं ठेवणार असाल तर एक बारकावा. मंगलोरी कौलाच्या मागच्या बाजूला कारखान्याचा छाप असतो. वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं दिसायला सारखी, पण त्यांच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत. आपल्या कौलाचा छाप बघा आणि जुन्या बाजारातून त्याच छापाची आणा. वेगळी कौलं घ्यावी लागली, तर ती मध्येमध्ये पेरू नका. एका बाजूचं पाखं पूर्ण एका जातीचं करा, उरलेली चांगली कौलं दुसऱ्या पाख्याला वापरा. आणि दोन पाखी आतल्या बाजूला जिथे मिळतात ती घळ मेअखेरीस स्वतः साफ करा. सागाची पानं तिथे अडकतात, आणि सागाचं पान केवढं असतं! दोन पानं अडकली तरी पाणी उलटं घरात येतं. अर्ध्या गळत्या कौल फुटल्याच्या नसतातच, कचऱ्याच्या असतात.

लाकडाबद्दल लोक एक तर फार घाबरतात, नाहीतर अजिबात घाबरत नाहीत. जुना साग सहजी मरत नाही. तो मरतो दोन ठिकाणी : खांबाचा बुंधा, जिथे तळखड्याजवळ ओल राहते, आणि तुळईचं टोक, जे भिंतीत गाडलेलं असतं आणि कुणाला दिसत नाही. जाड दाभण किंवा स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि टोचून बघा. पाव इंच जाऊन अडला तर लाकूड ठीक आहे. मुठीपर्यंत गेला तर तुळईखाली टेकू द्या, आणि मगच पुढचा विचार. अख्खी तुळई बदलावी लागते असं क्वचितच होतं. कुजलेला दीड-दोन फुटांचा भाग कापून त्याला तसंच जुनं, वाळलेलं लाकूड सांधता येतं. सांधा तिरका आणि लांब हवा, वर बोल्ट. हे काम सुताराचं आहे, फर्निचरवाल्याचं नाही. गावात सत्तरीच्या पुढचा सुतार असेल तर त्याला खुर्ची देऊन बसवा आणि तरुणाच्या हातून काम करून घ्या.

एक गंमत सांगतो. घरात चूल होती तोवर तिचा धूर वाशांना, बांबूंना, कुडाला रोज लागत होता. काळंकुट्ट व्हायचं सगळं, पण किडा लागत नव्हता. गॅस आला, बायकांच्या डोळ्यांचा आणि छातीचा त्रास वाचला, ते चांगलंच झालं. पण छपराचं औषध बंद झालं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. दहा-पंधरा वर्षांनी वाशांतून पिवळा भुगा पडायला लागतो. चूल परत पेटवा असं मी म्हणत नाही. नवीन बांबू वापराल तो पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडलेला घ्या, वाहत्या पाण्यात भिजवून मग बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवा, मग वापरा. जुन्या वाशांना तेच द्रावण ब्रशने द्या.

लाकूड आणताना कायदा लक्षात ठेवा. स्वतःच्या शेतातला साग असला तरी तो परवानगीशिवाय तोडता येत नाही, खासगी जमिनीवरच्या झाडतोडीबद्दल महाराष्ट्राचा १९६४ चा कायदा आहे. तोडलेला माल हलवायला पास लागतो. जुन्या पाडलेल्या घरांचं लाकूड मिळतं, ते बहुतेक वेळा नव्यापेक्षा सरस असतं. घेताना विकणाऱ्याकडून लेखी पावती घ्या.

आता भिंत. इथेच चांगल्या हेतूने सगळ्यात जास्त नासाडी होते, म्हणून थोडा वेळ घेतो.

मातीची किंवा चुन्यातली भिंत पाणी थोडं आत घेते आणि बाहेर सोडते. पावसाळ्यात ओलसर, दिवाळीपर्यंत कोरडी. तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला की बाहेरून ती टणक, गुळगुळीत, 'पक्की' दिसते. पण जमिनीतून वर चढणारी ओल तर थांबलेली नसते. तिला आता बाहेर पडायला वाट नाही. ती भिंतीतच वर वर चढते. पाण्याबरोबर क्षार येतात आणि गिलाव्याच्या मागे साठतात, त्यालाच आपण लोणा लागला म्हणतो. तीन-चार वर्षांनी सिमेंटचा पापुद्रा सुटतो, आणि सुटताना जुन्या भिंतीचं दोन बोटं अंग घेऊन पडतो. मग लोक म्हणतात, बघा, मातीची भिंत कच्चीच. आणि आणखी जाड सिमेंट लावतात. कुडाच्या भिंतीत तर आतली कारवी कुजते आणि वाळवीला आयती बंद, दमट वाट मिळते. वरून सगळं ठणठणीत.

या कच्च्या-पक्क्याच्या भाषेबद्दल एक वाक्य बोलू द्या. सरकारी मोजणीत मातीची भिंत 'पक्क्या'त बसत नाही. घरकुल योजना त्याच भाषेत बोलते, कर्ज देणाराही स्लॅब आहे का तेच विचारतो. माणसाला आपल्या घराची लाज वाटायला लागते ती इथून. ज्याचं घर खरोखर मोडकळीला आलंय त्याला घरकुल मिळालंच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण सागाच्या बारा खांबांवर उभं असलेलं घर आणि पडकी झोपडी एकाच शब्दात मोजली जाते.

तर मातीच्या भिंतीला माती, चुन्याच्या भिंतीला चुना. गिलाव्यासाठी भाताच्या खाचरातली काळी, चिकट माती घेऊ नका, ती वाळताना फाटते. तांबडी माती किंवा वारुळाची माती घ्या. काचेच्या बाटलीत माती आणि पाणी घालून हलवा, एक दिवस ठेवा. खाली वाळू बसेल, वर चिकण. नुसतीच चिकण दिसली तर वाळू मिसळा. त्यात पेंढा बारीक तोडून घाला, पाणी घालून चार-पाच दिवस गारा मुरू द्या, रोज तुडवा. एक हात भिंतीवर लावून बघा, वाळल्यावर तडे गेले तर पेंढा आणि वाळू वाढवा.

चुना हवा असेल तर कळीचा चुना आणून विरवा. विरवताना तो उकळतो आणि उडतो, डोळ्यांना चष्मा आणि हाताला मोजे हवेतच, लहान मुलांना लांब ठेवा. विरवलेला चुना पाण्याखाली काही आठवडे तरी मुरू द्या. मग एक भाग चुना, तीन भाग वाळू. जुने गवंडी त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायचे. सिमेंट काही तासांत आवळतं, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश दगड होत जातो. म्हणून त्याला घाई चालत नाही. गोणपाट ओलं करून आठ-दहा दिवस झाकून ठेवावं लागतं. आणि पाणी लागतं, भरपूर पाणी.

इथे आपण या दोन तालुक्यांच्या मूळ अडचणीवर येतो.

मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात. तानसाचं धरण १८९२ पासूनचं. मुरबाडच्या बाजूला बारवी, तिचं पाणी औद्योगिक वसाहतींना आणि शहरांना. आणि त्याच तालुक्यांतल्या कित्येक गाव-पाड्यांवर मार्चनंतर टँकर. ज्या गावात बाई दोन हंड्यांसाठी विहिरीच्या तळाशी वाट बघत बसते, तिथे तुम्ही एप्रिलमध्ये भिंतीवर पाणी मारणार? ते शोभत नाही, आणि जमतही नाही. म्हणजे भिंतीचं काम भातकापणी संपल्यापासून फार तर फेब्रुवारीपर्यंत. तीन महिने. तेवढीच खिडकी.

पण नेमक्या त्याच तीन महिन्यांत काम येणारी माणसं गावात नसतात. कारवीचा कुड विणणारे, लिंपणाचा हात असणारे लोक बरेचसे कातकरी, ठाकर समाजातले. त्यांतली, विशेषतः कातकरी कुटुंबं, दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, बायकापोरांसह, पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीमालकाकडून आधीच घेतलेली उचल फेडायची असते. म्हणजे ज्या हातांना तुमचं मातीचं घर सांभाळता येतं, तेच हात त्या वेळी शहराच्या इमारतींसाठी विटा पाडत असतात. हे काम मला त्या माणसाकडून करून घ्यायचं असेल, तर मला गणपतीच्या आसपास त्याच्याशी बोलायला हवं, दिवस आणि मजुरी ठरवायला हवी, आणि ती भट्टीपेक्षा बरी हवी. 'आदिवासी माणूस आहे, स्वस्तात करेल' असं मनात असेल तर कारागीर मिळणार नाही, आणि मिळू नयेच.

कारवीचंही तसंच. ती आठेक वर्षांनी एकदा फुलते आणि मग वाळते. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. प्रत्येक डोंगराचं वर्ष तेच असतं असं नाही, त्यामुळे पाड्यावरच्या माणसालाच विचारावं लागतं. अभयारण्याच्या हद्दीत मात्र तोडता येत नाही, आणि तानसा अभयारण्याचा मोठा भाग शहापुरातच आहे.

आता मी सुरुवातीला जे म्हणालो, पहिल्या वर्षी कमीत कमी करा, त्याला अपवाद सांगतो. संडास-न्हाणी आणि विजेचं वायरिंग. ही दोन कामं राहायला जायच्या आधी. पंचाहत्तर वर्षांच्या आईला पावसात छत्री घेऊन परसात जायला लावायचं आणि आपण ओटीवर बसून सागाच्या खांबांचं कौतुक करायचं, हे मला पटत नाही. खरं सांगू का, जुनी घरं बहुतेक वेळा छपरामुळे पाडली जात नाहीत. ती संडासामुळे आणि अंधाऱ्या स्वयंपाकघरामुळे पाडली जातात. घरातली सून म्हणते मी इथे राहणार नाही, आणि तिचं बरोबर असतं.

न्हाणी आणि संडास जुन्या भिंतीच्या आत घेऊ नका. मागच्या पडवीला लागून, स्वतंत्र पायावर, भाजक्या विटांचं, सिमेंटमध्येच बांधा. सिमेंटशी माझं भांडण नाही, ते त्याच्या जागी चांगलं आहे. मध्ये झाकलेली वाट ठेवा, पायरी नको, हाताला धरायला दांडी हवी. शोषखड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट लांब आणि उताराच्या बाजूला. स्वयंपाकघरात अंधार असेल तर भिंत फोडून खिडकी काढायच्या आधी दोन-तीन काचेची कौलं बसवून बघा. थोडक्या पैशांत दुपारभर उजेड येतो. वायरिंग सगळं नवं, पाइपातून, अर्थिंग केलेलं आणि गळती झाली तर आपोआप वीज तोडणारा ब्रेकर लावून. ओल्या भिंतीत जुनी वायर म्हणजे जिवाशी खेळ.

कागदपत्रांचं थोडक्यात. गावठाणातल्या घराची ग्रामपंचायतीकडची नमुना आठची नोंद ही कर आकारणीसाठी असते, तिच्यावरून मालकी सिद्ध होत नाही. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. तुमच्या गावची झाली असेल तर उतारा काढा आणि त्यावर आजोबांच्या सगळ्या वारसांची नावं आहेत का बघा, बहिणींचीसुद्धा. खर्च एक जण करतो आणि नाव पाच जणांचं, इथूनच भावबंदकी सुरू होते. कोण किती घालतंय ते लिहून ठेवा.

आता प्रश्न घेऊ. तिघांनी लिहून दिलेत.

पहिला : 'असं हळूहळू केलं तर किती वर्षं लागतील?' मध्यम घराला चार-पाच हिवाळे धरा. पहिल्या हिवाळ्यात चर, छपराची घळ, वायरिंग, न्हाणी. मध्ये पावसाळा, वही. दुसऱ्यात लाकूड आणि छप्पर. भिंती तिसऱ्यापासून, दर वर्षी एक-दोन खोल्या. जमीन सगळ्यात शेवटी. घाईने आधीच फरशी बसवली तर खालची ओल जमिनीतून वर येणं बंद होतं आणि ती बाजूच्या भिंतीत सरकते. तोपर्यंत सारवलेली जमीन किंवा सुटी शहाबादी.

दुसरा : 'राहत असताना काम कसं करायचं?' एक खोली रिकामी करायची, तिथलं पूर्ण संपवायचं, मग दुसरी. सगळं घर एकदम उघडून ठेवू नका. वळवाचा पाऊस सांगून येत नाही.

तिसरा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. 'आमच्या घराची वाटणी झाली आहे. चुलतभावाला त्याचा अर्धा भाग पाडून नवं बांधायचंय. आमच्या अर्ध्याचं काय होईल?' हे इकडे फार घडतंय. तुळया दोन्ही भागांतून सलग गेलेल्या असतात आणि आढंही. पलीकडचा अर्धा भाग काढला की तुमच्या तुळईचं एक टोक अधांतरी राहतं. मधली भिंत आजवर घराच्या आतली होती, तिला पाऊस माहीतच नाही. ती एकदम उघडी पडते. पहिल्याच आषाढात ती फुगते.

चुलतभावाला अडवण्याचा हक्क तुम्हाला बहुधा नाही, आणि भांडून तुळई वाचत नाही. पाडायच्या आधी त्याच्याशी बसा आणि तीन गोष्टी ठरवा. तुळया वाटणीच्या रेघेवर कापायच्या नाहीत. तुमच्या बाजूला रेघेलगत नवे खांब उभे राहिल्यावर, भार त्यांच्यावर आल्यावर, मगच कापायच्या. पाडकाम मार्चच्या आधी संपवायचं, म्हणजे उघड्या भिंतीला गिलावा करायला तुम्हाला दिवस मिळतात, आणि तुमचं छप्पर तिच्यावरून दोन फूट बाहेर काढायला त्याने जागा सोडायची. आणि त्याच्या नव्या पायाचा खड्डा तुमच्या जोत्याला लागून खोल खणायचा नाही, निदान तीन-चार फूट सोडून. त्याच्या स्लॅबचं पाणी कुठे पडणार तेही आत्ताच विचारून घ्या. आणि त्याच्या भागातलं निघालेलं लाकूड आणि कौलं तुम्हीच विकत घ्या. छाप तोच असणार, लाकूड त्याच घरातलं, आणि त्यालाही ते ट्रकवाल्याला मातीमोल द्यायला नको वाटत असेल.